पाठ केलेलं पत्र

“एकशे बारा,” म्हातारा डच म्हणाला. “एकशे बारा पिशव्या. आणि मी पावतीवर सही करणार नाही.”

कॅप्टन विल्मॉटने कागद त्याच्यापुढे तसाच धरून ठेवला. “मिस्टर व्हिसर, ही फक्त पिशव्या आमच्याकडे दिल्याची पावती आहे.”

“दिल्या नाहीत. घेतल्या. पावतीवर तसं लिहा, मग सही करतो.”

कॅप्टनने कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून नुसता उसासा टाकला. व्हिसर ‘वेस्टरकर्क’ नावाच्या डच आगबोटीवरचा टपाल अधिकारी होता. साठीचा असेल. पांढरी दाढी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला निळा कोट, आणि एडनच्या उन्हाने लाल झालेलं कपाळ. त्याने एक रिकामं खोकं ओढलं, वखारीच्या दाराशी ठेवलं आणि त्यावर बसला. पिशव्या परत मिळेपर्यंत तो तिथून हलणार नव्हता.

हे एकोणीसशे सोळाच्या जानेवारीतलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. एडनच्या पोस्टात टपाल निवडण्याच्या कामावर मुंबईहून माझी बदली झाली होती. लढाईला दीड वर्ष होत आलं होतं. हॉलंड लढाईत नव्हतं, त्याच्या आगबोटी ॲमस्टरडॅमहून जावाला आमच्या दारावरून जात. पण त्यांच्या टपालातून जर्मनीची पत्रं जातात असा सरकारला संशय होता. म्हणून आमची बोट समुद्रात आडवी जायची, डच आगबोट थांबवायची, बंदरात आणायची आणि टपालाच्या पिशव्या उतरवून घ्यायची. धक्क्यामागची कोळशाची वखार झाडून तिथे टेबलं मांडली होती. पिशव्या फोडायच्या, पत्रं उघडायची, वाचायची, नको ती वाक्यं शाईने काळी करायची, जाऊ द्यायची ती पुन्हा चिकटवायची, ठेवून घ्यायची ती वेगळ्या पेटीत टाकायची. हिंदुस्थानी भाषांतली पत्रं वाचायला माणसं हवी होती. उर्दू-फारसीला मुन्शी इनायत अली होते. मराठी आणि गुजरातीला मी. इथे जे वाचू ते बाहेर कुणाला सांगणार नाही, सांगितलं तर तुरुंग, अशा कागदावर माझी सही घेतली होती.

माझे वडील रेवदंड्याला पोस्टमास्तर होते. टपाल निवडताना पोस्टकार्ड हातात आलं की ते मजकुराची बाजू खाली करून ठेवत. लहानपणी मी एकदा एक कार्ड उलटं करून वाचलं, तेव्हा त्यांनी मला मारलं नाही, पण त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. वखारीतल्या कामाबद्दल मी त्यांना काही कळवलं नव्हतं. कळवता येणारही नव्हतं.

दुपारी मी पाणी प्यायला दाराशी गेलो तेव्हा व्हिसर म्हणाला, “तुम्ही शिपाई नाही. तुमची बोटं बघितली मी. गठ्ठा हातात घेऊन तुम्ही अंगठ्याने पत्रं सारता. तुम्ही टपालातले आहात.”

“हो.”

“किती वर्षं?”

“पाच.”

“मी एकतीस.” तो समुद्राकडे बघत होता. “एकतीस वर्षांत माझ्या हातून एक पिशवी बुडाली. वादळात. ती बुडाली तेव्हा मी रडलो, आणि माझा कप्तान मला हसला. आता बघा, एकशे बारा जमिनीवर, कोरड्या, माझ्यासमोर, आणि मी काही करू शकत नाही.”

मी त्याला माझ्या भांड्यातलं पाणी दिलं. एडनला पाणी विकत मिळायचं, तेही समुद्राचं उकळून गाळलेलं. तो ते सावकाश प्यायला आणि त्याने भांडं रुमालाने पुसून परत केलं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ते पत्र माझ्या टेबलावर आलं. बाहेरच्या पाकिटावर जावातल्या सुराबाया बंदरातल्या एका रंगाच्या व्यापाऱ्याचा पत्ता होता. आत आणखी एक पाकीट, आणि एक चिठ्ठी, की कृपा करून हे पुढे हिंदुस्थानात पाठवावं. आतल्या पाकिटावर मराठीत लिहिलं होतं: सौ. भागीरथीबाई मोघे, मुक्काम आंजर्ले, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. पत्र बर्लिनहून आलेलं. लिहिणारा दिनकर मोघे, रसायनशास्त्र शिकायला गेलेला, लढाई लागल्यावर तिथेच अडकलेला.

मी भाषांतर करून कॅप्टनपुढे ठेवलं. विल्मॉट लढाईआधी इंग्लंडात कुठल्याशा शाळेत मास्तर होता. वाचताना ओळीखाली पेन्सिल सरकवायची त्याची सवय होती. शेवटाजवळ पेन्सिल थांबली.

“हे बापाबद्दल आहे?”

“हो सर. परदेशी जायला बापाचा विरोध होता असं दिसतं. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो असं आमच्याकडे जुनी माणसं मानतात.”

त्याने ती वाक्यं मोठ्याने वाचली. “बाबांना विचारत बसू नकोस. मी त्यांना मेलो, असं ते म्हणाले. मग मेलेल्याचा निरोप त्यांना कशाला? ते आहेत तोवर मी त्या घराची पायरी चढणार नाही.” मग तो म्हणाला, “बिचारा. बाकी पत्रात आक्षेप घेण्यासारखं काही नाही.”

“मग जाऊ द्यायचं, सर?”

“नाही. बर्लिनहून हिंदुस्थानी माणसाने लिहिलेलं कुठलंही पत्र ठेवून घ्यायचं. आणि नाव-पत्ता यादीत चढवायचा. लिहिणाऱ्याचा आणि ज्याला लिहिलं त्याचाही.”

“सर, ही त्याची बायको आहे. दीड वर्ष तिला माहीत नाही की तो जिवंत आहे की—”

“टिपणीस,” तो म्हणाला, रागावून नव्हे, “हा नियम मी केलेला नाही. लढाई संपली की ठेवलेली पत्रं पाठवतील म्हणतात.”

“कधी संपेल, सर?”

त्याने मान हलवली आणि पुढचा कागद घेतला.

मी यादी ओढली आणि माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: मोघे, भागीरथीबाई, आंजर्ले. पत्र मात्र लगेच पेटीत टाकलं नाही. पेटी संध्याकाळी सहाला बंद व्हायची. दीड तास होता. कागदावर उतरवून बाहेर नेणं शक्य नव्हतं. वखारीतून निघताना आमचे खिसे तपासत, आणि एडनहून जाणारं टपालही उघडलं जाई. मी ते पत्र टेबलावर इतर कागदांच्या आड ठेवलं आणि शाळेत कविता पाठ करायचो तसं ओळीओळीने पाठ करू लागलो. आधी दोन ओळी, मग चार, मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारी मुन्शीजी बसले होते. माझे ओठ हलताना त्यांनी पाहिले. ते उठले, आपली खुर्ची माझ्या आणि दारावरच्या पहारेकऱ्याच्या मध्ये आणून ठेवली आणि पुन्हा वाचत बसले. त्याबद्दल आम्ही दोघं नंतरही कधी काही बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी एकशे बारांपैकी नव्वद पिशव्या आगबोटीवर परत गेल्या. व्हिसरने प्रत्येकीचं तोंड तपासलं, शिक्के पाहिले. जाताना तो माझ्याशी हात मिळवायला आला. मला वाटलं होतं की तो येणार नाही. कॅप्टनच्या पावतीवर त्याने अखेरपर्यंत सही केली नाही.

रजा मिळायला मला दहा महिने लागले. तेवढे दिवस रोज संध्याकाळी वाळूवरून चालताना मी ते पत्र एकदा म्हणायचो. एखादा शब्द इकडचा तिकडे होतोय असं वाटलं की घाबरायचो, कारण पडताळून बघायला मूळ कागद आता कुठे मिळणार होता?

कार्तिकात मी मुंबईला उतरलो. घरी दोन दिवस राहिलो आणि कामाचं काहीतरी निमित्त सांगून हर्णैच्या आगबोटीत बसलो. हर्णैला होडीतून किनाऱ्यावर, तिथून चालत खाडीपर्यंत, आणि तरीतून पलीकडे आंजर्ल्याला. मोघ्यांचं घर विचारलं तेव्हा तरीवाला माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिला. “तुमीबी पोलिसातलेच काय?” त्याने विचारलं.

“म्हणजे?”

“आषाढात आले होते दोघं. दापोलीहून. अप्पांच्या घरातली भांडीकुंडीसुदीक उपसली.”

यादी आपल्या वाटेने जाऊन पोचली होती. पत्र मात्र पोचलं नव्हतं.

घर साधंच होतं, कौलारू, पुढे सारवलेली ओटी, बाजूला पोफळी. ओटीवर एक उघडे वृद्ध गृहस्थ पंचा नेसून बसले होते. समोर दोन विद्यार्थी ऋचा म्हणत होते. हेच दिनकरचे वडील, अप्पा मोघे, त्या बाजूचे नावाजलेले वैदिक. त्यांच्या पुढ्यात पोथी नव्हती. डोळे मिटलेले, आणि उजव्या हाताचं एक बोट मांडीवर ताल धरल्यासारखं पडत होतं. एका मुलाचा स्वर कुठेतरी चुकला. बोट थांबलं. मुलगा आपण होऊन मागे गेला आणि पुन्हा म्हणू लागला.

मला बघून त्यांनी मुलांना घरी पाठवलं.

“कुठून आलात?”

“एडनहून. माझं नाव मोरेश्वर टिपणीस. तुमच्या चिरंजीवांचं—”

“मला चिरंजीव नाही,” ते म्हणाले. “पोलिसांनाही तेच सांगितलं. घर तपासायचं तर तपासा. आता दुसऱ्यांदा.”

“मी पोलीस नाही, अप्पा. तुमच्या सूनबाईंना बर्लिनहून पत्र आलं होतं. ते एडनला आगबोटीवरून काढून घेतलं. मी ते वाचलं.”

आत कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग माजघराचं दार थोडं किलकिलं झालं. दाराआड कुणीतरी उभं राहिलं होतं. जमिनीवर लुगड्याचा हिरवा काठ तेवढा दिसत होता.

“पत्र दाखवा,” अप्पा म्हणाले.

“पत्र नाही. सरकारने ठेवून घेतलं. माझ्याकडे कागद नाही.”

“मग काय आहे?”

“पाठ आहे.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “पाठ? आणि ते खरंच त्याचं, हे मी कशावरून मानू? पोलीस आम्हाला बोलतं करायला माणसं पाठवतात, हे मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?”

मी म्हणालो, “अप्पा, तुमच्या घरी पोलीस आले, कारण तुमचा पत्ता यादीत होता. ती यादी मी लिहिली. माझ्या हाताने. हुकूम होता, पण हात माझाच होता.”

“फसवायला आलेला माणूस हे सांगणार नाही,” ते अखेर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. “म्हणा.”

मी ओटीच्या कडेला मांडी घातली आणि म्हणू लागलो.

“सौभाग्यवती भागीरथी हीस अनेक आशीर्वाद. मी जिवंत आहे. हे आधी लिहितो, पुढचं पत्र फाटलं तरी एवढं पोचावं. लढाई लागल्यापासून मला शहराबाहेर जाता येत नाही. आठवड्यातून दोनदा चौकीवर हजेरी द्यावी लागते. कॉलेज बंद झालं. एका प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचं काम आहे, त्यावर पोट भरतं. लोक वाईट नाहीत. घरमालकीण म्हातारी आहे, तिचे दोन मुलगे लढाईवर आहेत, तिला रात्री झोप येत नाही म्हणून ती माझ्या खोलीबाहेर येऊन बसते. तू तशी बसू नकोस. माझी वाट पाहत दाराशी बसून तुझी वर्षं घालवू नकोस. तुला अक्षरओळख मी करून दिली, पण वर्षभरात तू माझ्यापेक्षा भरभर वाचू लागलीस, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, माझा अभिमान आडवा आला. पुण्यास बायकांची शाळा आहे. तिथे जा. शिक. मास्तरीण हो. मी आलो तर आनंदच आहे, नाही आलो तर तुला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये.”

इथे ती वाक्यं होती. बाबांना विचारत बसू नकोस. मी दहा महिने ती रोज वाळूवर म्हणत आलो होतो. पण आता ते बाबा माझ्यासमोर चार हातांवर डोळे मिटून बसले होते. त्यांच्या छातीची हाडं दिसत होती. पहिलंच वाक्य, ‘मी जिवंत आहे,’ ऐकल्यापासून त्यांच्या बंद पापण्यांखालून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नव्हता.

मी थांबलो. एक श्वास घेतला, आणि ती वाक्यं सोडून पुढे गेलो.

“तुझी तब्येत सांभाळ. सुरंगीच्या फुलांच्या दिवसांत एक वळेसर केसांत माळत जा. मला इथे तो वास कधी कधी उगाच येतो. तुझा दिनकर.”

मग अप्पा म्हणाले, “पुन्हा म्हणा.”

“तेच?”

“तेच. जसं आहे तसं.”

मी पुन्हा सुरुवात केली. त्यांचं बोट मांडीवर हळूहळू पडत होतं. त्या जागेशी येता येता मला वाटलं, मी वर्षभर लोकांच्या पत्रांतली वाक्यं काळी करत आलो. आज इथेही तेच केलं, सरकारचा हुकूम नसताना. आणि मग, का ते आजही सांगता येत नाही, त्या मोकळ्या जागी मी एक वाक्य घातलं. माझं स्वतःचं.

“बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांग. त्यांची आठवण येते.”

त्यांचं बोट थांबलं. मला वाटलं, ते गहिवरले असतील. मी पुढे म्हणून संपवलं.

अप्पा डोळे उघडून पोफळींकडे बघत होते. “सूनबाई,” त्यांनी आत हाक मारली, “टिपणिसांना गूळपाणी दे. उन्हातून आलेत.”

ती बाहेर आली. वीस-बावीस वर्षांची, सडपातळ, डोळे सुजलेले पण मान ताठ. तिने पाण्याचं भांडं माझ्यापासून थोडं दूर ठेवलं, त्यांच्या घराच्या रीतीप्रमाणे. मग सासऱ्यांसमोर बोलू नये हे विसरून तिने विचारलं, “एवढंच होतं का?”

“एवढंच,” मी म्हणालो.

खाडीपर्यंत मला सोडायला अप्पा स्वतः आले. मी तरीत चढू लागलो तेव्हा म्हणाले, “तुम्हाला पाठांतराची शिकवण कुणी दिली?”

“कुणी नाही. शाळेतली सवय.”

“चांगली आहे,” ते म्हणाले. “सांभाळा.”

दोन महिन्यांनी एडनला एक पोस्टकार्ड आलं, पुण्याहून. अक्षर कोवळं पण स्वच्छ. ‘मामंजींनी येथे शाळेत आणून पोचवले. आपले उपकार विसरणार नाही. भागीरथी मोघे.’ ते कार्ड माझ्याच टेबलावर वाचायला आलं होतं. मी त्यावर ‘पास’ असा शिक्का मारला. त्या संध्याकाळी मी वाळूवर फार दूरपर्यंत चालत गेलो. मला वाटलं, मी एक खोटं वाक्य बोललो आणि त्या वाक्याने एका घराचं दार उघडलं. कॅप्टनच्या कुठल्या नियमात हे बसलं नसतं. लढाई संपेपर्यंत, आणि त्यानंतरही, मी त्या एका वाक्यावर मनातल्या मनात फुशारत राहिलो.

अठरा साली इन्फ्लुएंझाची साथ आली तेव्हा अप्पा गेल्याचं भागीरथीबाईंच्या कार्डाने कळलं. वीस साली मी मुंबईच्या पोस्टात होतो. उन्हाळ्यात एक दिवस शिपाई सांगत आला की कुणी बाई भेटायला आल्या आहेत.

भागीरथीबाई बाकावर बसल्या होत्या. साधं नऊवारी, खांद्याला पिशवी. आता त्या पुण्यातल्या एका शाळेत शिकवत होत्या. मी आल्यावर त्या उभ्या राहिल्या, आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

“परवा येतायत ते,” त्या म्हणाल्या. “तार आली. आगबोट परवा सकाळी लागते. तुम्ही बंदरावर याल?”

“येईन, बाई. येईनच.”

“त्याआधी एक विचारायचं होतं, भाऊ.” त्या पुन्हा बसल्या. “त्या पत्रात तुम्ही एका जागी काहीतरी गाळलं होतं. तिथे काय होतं?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मला नाही कळलं. मामंजींना कळलं. तुम्ही तरीत बसून गेलात, ते घरी आले आणि मला म्हणाले, पहिल्या खेपेला तो एका जागी श्वास घेऊन पुढे गेला. तिथे काही होतं. दुसऱ्या खेपेला तिथे मला नमस्कार आला. नमस्कार त्या टिपणिसाचा आहे, दिनूचा नाही. दिनूचं जे होतं ते त्याने मला ऐकवलं नाही.”

मी बाकाची कड धरून उभा होतो. आजूबाजूला खिडक्यांशी माणसांची गर्दी, तिकिटांवर शिक्के पडण्याचा आवाज. चार वर्षं ज्या वाक्याचा मी अभिमान बाळगला, ते एका माणसाला क्षणभरही फसवू शकलं नव्हतं.

“मग त्यांनी तुम्हाला पुण्याला का पाठवलं?”

“मीही विचारलं. ते म्हणाले, एक परका माणूस तुरुंगाची भीती सोडून एवढ्या लांबून येतो, आणि मला दुखवू नये म्हणून माझ्या तोंडावर खोटं बोलतो. मग मुलाने लिहिलेलं किती कठोर असेल, हे मला न ऐकता कळलं. आणि ते लिहायला मीच त्याला लावलं. आता त्याने जे मागितलंय तेवढं तरी मी करतो.” त्या थांबल्या. “आणि म्हणाले, टिपणिसाला हे कळवू नकोस. त्याने चांगल्या मनाने केलंय. म्हणून आजवर बोलले नाही. पण आता ते येतील, आणि वडिलांबद्दल विचारतील. मला खरं काय ते ठाऊक हवं.”

मी तिथेच उभ्या उभ्या ती गाळलेली वाक्यं त्यांना म्हणून दाखवली. एकही शब्द गेला नव्हता. पायरीचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

“मूळ पत्र आलं तुम्हाला?” मी विचारलं. “लढाईनंतर पाठवणार होते.”

“नाही. काही आलं नाही.”

“मग त्यांना सांगायची गरज काय? नमस्कार पोचला असं समजू द्या. त्यांनाही बरं वाटेल.”

“नाही भाऊ,” त्या म्हणाल्या. “मामंजींना जे कळलं होतं, ते त्यांच्या मुलाला कळायला नको?”

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं बंदरावर उभे होतो. दिनकर मोघे उतरला तेव्हा मी त्याला ओळखायचा प्रश्नच नव्हता, पण भागीरथीबाईंनाही एक क्षण लागला. सात वर्षांत तो माणूस वाळून गेला होता, कानशिलावरचे केस पांढरे, अंगात दुसऱ्या कुणाच्या मापाचा कोट. त्याने हातातली पेटी खाली ठेवली. दोघंही एकमेकांना हात लावू शकत नव्हते, चारचौघांत. नुसते बघत राहिले. मी दूर सरकू लागलो तसं भागीरथीबाईंनी मला खूण करून थांबवलं.

“बाबा?” त्याने विचारलं.

“दोन वर्षं होतील अश्विनात.”

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, “मी तुला एक पत्र पाठवलं होतं. पंधरा सालच्या अखेरीला, हॉलंडच्या बोटीने. त्यात मी त्यांच्याबद्दल... मिळालं होतं ते?”

“मिळालं.”

“त्यांनी वाचलं?”

“या भाऊंच्या तोंडून ऐकलं,” भागीरथीबाई म्हणाल्या. “सगळं. न म्हटलेलंसुद्धा.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, हे लिहायला मीच त्याला लावलं. आणि आठ दिवसांत मला पुण्याला घेऊन गेले. वाटेत बोटीत बसले होते, भाऊ. आयुष्यात पहिल्यांदा. हर्णैहून मुंबईपर्यंत. खोलीत सुद्धा गेले नाहीत, कठड्याला धरून उभे राहिले, आणि मला विचारत होते, दिनू गेला ते पाणी हेच का?”

बोलता बोलता ‘भाऊ’ म्हणत त्या माझ्याकडे वळल्या होत्या, आणि आता त्या आमच्या दोघांकडेही बघत नव्हत्या. दिनकर धक्क्यावरच्या पेटीवर बसला. हमाल ओरडत होते, माणसं त्याला वळसा घालून जात होती, आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकून बसून राहिला. भागीरथीबाई त्याच्या शेजारी, चारचौघांत, त्याच पेटीच्या कडेला बसल्या.